कागद, सांगाडा, इंजिन : कामावर जाण्यासाठी स्वस्त जुनी मोटारसायकल निवडण्याचा आढावा

चाकण, भोसरी, रांजणगाव, वाळूज, सातपूर, बुटीबोरी अशा औद्योगिक वसाहतींत पाळीने काम करणाऱ्या माणसाला सकाळी सातच्या ठोक्याला गेटवर हजर राहायचे असते आणि दुसरी पाळी सुटल्यावर रात्री अकरानंतर घर गाठायचे असते. त्या वेळेला बस मिळेलच असे नाही, नव्या दुचाकीचा हप्ता पगारात बसत नाही, आणि मग जुनी मोटारसायकल हाच व्यवहार्य मार्ग उरतो. या खरेदीविषयीचे ज्ञान बहुतांशी तोंडी आहे. ते गॅरेजमध्ये, चहाच्या टपरीवर किंवा नात्यातल्या एखाद्या ‘गाडीतलं कळणाऱ्या’ माणसाकडून मिळते, आणि त्यात एक ठरावीक क्रम आढळतो : आधी इंजिनाचा आवाज, मग ‘ॲव्हरेज’, मग रंगरूप, आणि सौदा ठरल्यावर, इसार दिल्यानंतर, कागदपत्रे. प्रस्तुत आढाव्यात हा क्रम उलटा लावला आहे, कारण स्वस्त गाडीचे इंजिन पैसे टाकून नव्यासारखे करता येते, वाकलेला सांगाडा क्वचितच खऱ्या अर्थाने सरळ होतो, आणि बिघडलेला कागद पैसे टाकूनही सुधारेल याची कोणी हमी देऊ शकत नाही.

‘स्वस्त’ या शब्दाचा अर्थ सुरुवातीलाच निश्चित केलेला बरा. समजा, रोज जाऊन-येऊन ४० किलोमीटर आणि महिन्याला २५ दिवस असा प्रवास आहे, म्हणजे महिन्याला १,००० किलोमीटर. पेट्रोलचा भाव लिटरला १०५ रुपये धरला, तर लिटरमागे ६० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला महिन्याला सुमारे १,७५० रुपयांचे आणि ४० चालणाऱ्या गाडीला २,६२५ रुपयांचे पेट्रोल लागते. फरक ८७५ रुपयांचा, वर्षाला साडेदहा हजारांचा. विकत घेताना दहा हजारांनी स्वस्त पडलेली, पण पेट्रोल पिणारी गाडी ही बचत बारा महिन्यांच्या आत परत घेते, आणि पुढच्या प्रत्येक वर्षी तेवढेच पैसे पुन्हा मागते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. जाहिरातीत किंवा माहितीपत्रकात दिलेला इंधनाचा आकडा बहुधा एआरएआयच्या चाचणीतला असतो. ही संस्था, म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, १९६६ मध्ये पुण्यात स्थापन झाली आणि वाहनांच्या प्रमाणीकरणाचे काम करते, परंतु तिची चाचणी ठरवून दिलेल्या वेगचक्रावर प्रयोगशाळेत होते, त्यात ना नाशिक फाट्याची कोंडी असते ना मागे बसलेला सहकारी. म्हणून त्या आकड्यातून काही भाग वजा करूनच हिशेब मांडावा. विम्यातही गाडीचा आकार बोलतो : १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा त्रयस्थ-पक्ष विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या हानीची भरपाई करणारा कायद्याने सक्तीचा विमा, वर्षाला करांशिवाय ७१४ रुपयांना आणि १५० ते ३५० सीसीच्या गाडीचा १,३६६ रुपयांना मिळतो.

हा हिशेब जवळजवळ नेहमीच १०० ते १२५ सीसीच्या साध्या गाडीकडे बोट दाखवतो, आणि त्यामागे चाळीस वर्षांचा इतिहास आहे. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत भारतीय रस्त्यावर राजदूत, येझदी आणि बुलेट या जड मोटारसायकली होत्या, किंवा जिच्यासाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे ती बजाजची स्कूटर होती. त्यानंतर दोन-तीन वर्षांच्या अंतरात जपानी सहकार्याने बनलेल्या इंड-सुझुकी, यामाहा आरएक्स १००, कावासाकी बजाज केबी १०० आणि हीरो होंडा सीडी १०० या चार हलक्या गाड्या आल्या. त्यांपैकी हीरो होंडाची तेवढी ‘फोर-स्ट्रोक’ होती, म्हणजे तिच्या इंजिनात पिस्टनच्या चार धावांमागे एकदा इंधन पेटे आणि वंगणाचे तेल पेट्रोलपासून वेगळे राही. बाकीच्या ‘टू-स्ट्रोक’ गाड्यांत दर दोन धावांना इंधन पेटत असल्याने ओढ जोरकस होती, पण तेल पेट्रोलाबरोबरच जळून जाई आणि टाकी लवकर रिकामी होई. आरएक्स १०० आज हौशी लोकांच्या संग्रहाची वस्तू झाली आहे आणि तिला मिळणारी किंमत पाहता कामावर जाणाऱ्याने तिच्या वाटेला न जाणेच शहाणपणाचे. परंतु सीडी १०० चे ९७.२ सीसीचे, सिलिंडर जवळजवळ आडवा असलेले, ५० मिलिमीटर बोअर आणि ४९.५ मिलिमीटर स्ट्रोकचे इंजिन १९९४ च्या स्प्लेंडरमध्ये, २००१ च्या पॅशनमध्ये आणि पुढे एचएफ डिलक्समध्ये चालत आले, आणि हीरो व होंडा या दोन्ही कंपन्या २०१०-११ मध्ये विभक्त होऊन हीरो मोटोकॉर्प हे नाव आले तरी त्या इंजिनाचा मूळ आराखडा टिकून राहिला.

एकाच आराखड्याच्या या दीर्घायुष्याचा परिणाम जुन्या बाजारावर फार खोल झाला आहे. तालुक्याच्या गावी टायर पंक्चर काढणाऱ्याच्या शेजारी बसणारा फिटरसुद्धा ते इंजिन डोळे मिटून उघडतो, पुण्यातल्या नाना पेठेत त्याचा प्रत्येक सुटा भाग मूळ कंपनीचा, दुसऱ्या चांगल्या कंपनीचा आणि अगदी हलक्या दर्जाचा अशा तीन-तीन भावांत मिळतो, आणि गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. बजाजच्या बॉक्सर, सीटी १०० आणि प्लॅटिना यांचीही स्थिती राज्यात जवळपास अशीच आहे. खराब रस्त्यावर प्लॅटिनाची मऊ बैठक अनेकांना स्प्लेंडरपेक्षा बरी वाटते आणि जुन्या बाजारात ती त्याच वयाच्या स्प्लेंडरपेक्षा बहुधा कमी किमतीत मिळते, त्यामुळे पैशाच्या दृष्टीने तिचा विचार आधी करावा असे या आढाव्याचे मत आहे. रोजचा प्रवास महामार्गावरून तीस किलोमीटरहून लांबचा असेल किंवा मागे नेहमी माणूस बसणार असेल, तर २००६ मध्ये आलेली होंडा शाइन किंवा सुपर स्प्लेंडर यांसारखी १२५ सीसीची गाडी योग्य ठरते. पल्सर १५० च्या वर्गात मात्र एक छुपा धोका असतो : ती मूळ मालकाने बहुधा हौसेने, तरुणपणी घेतलेली असते आणि त्या हौसेची किंमत क्लच प्लेटा, चेन स्प्रॉकेट आणि पुढचे शॉकअप यांनी मोजलेली असते.

उत्पादन थांबलेल्या गाड्यांचा वर्ग वेगळा काढायला हवा. एलएमएल फ्रीडम, महिंद्रा सेंचुरो, यामाहा क्रक्स अशा गाड्या अतिशय कमी किमतीत पुढे येतात. त्यांतल्या काही आपल्या काळात चांगल्या गणल्या गेल्या होत्या, परंतु सीडीआय युनिटसारखा, म्हणजे ठिणगी योग्य क्षणी सोडणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक पेटीसारखा भाग निकामी झाला आणि तो आठ दिवस मिळाला नाही, तर आठ दिवसांची रिक्षा किंवा बुडालेला रोज तिच्या किमतीत मिळवावा लागतो. ॲक्टिव्हासारख्या गिअरलेस स्कूटरचा विचार घरात गाडी चालवणारे एकाहून अधिक असतील तर करावा. एरवी तिचा इंधनखर्च जास्त, ठरावीक अंतराने पट्टा बदलण्याचे काम वेगळे, आणि जुन्या ॲक्टिव्हाची दहा इंची चाके खड्ड्यात जितकी उतरतात तितकी स्प्लेंडरची अठरा इंची चाके उतरत नाहीत. जुन्या विजेच्या स्कूटरबद्दल एवढेच म्हणता येते की तिची निम्मी किंमत बॅटरीत असते आणि बॅटरीचे उरलेले आयुष्य कान लावून ऐकता येत नाही.

कोणत्या वर्षाची गाडी घ्यावी हा प्रश्न भारतात प्रदूषणाच्या मानकांशी जोडलेला आहे. ‘बीएस’, म्हणजे भारत स्टेज, ही धुरातील घातक घटकांवर मर्यादा घालणाऱ्या नियमांची मालिका असून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ एप्रिल २०१७ पासून बीएस-३ वाहनांची विक्री थांबली, १ एप्रिल २०२० पासून बीएस-५ ही पायरी गाळून थेट बीएस-६ लागू झाले आणि त्याबरोबर बहुतेक साध्या गाड्यांतला कार्बोरेटर जाऊन त्याच्या जागी संगणकाच्या हुकमाने इंधन फवारणारे ‘फ्युएल इंजेक्शन’ आले. कार्बोरेटर हा हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणारा पितळी जेटांचा साधा भाग असून तो अर्ध्या तासात खोलून, साफ करून बसवता येतो. इंजेक्शनची गाडी थंडीत पटकन सुरू होते आणि पेट्रोलही जपून वापरते, पण तिचा सेन्सर बिघडला तर दोष वाचणारे यंत्र जवळ असलेला मेकॅनिक शोधावा लागतो. या दोन्ही बाजू तोलल्या, तर कमी पैशांत गाडी घेणाऱ्यासाठी एप्रिल २०१७ ते मार्च २०२० या तीन वर्षांतली बीएस-४ गाडी सर्वांत सोयीची ठरते : कार्बोरेटर शाबूत, हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागणारा, आणि एप्रिल २०१९ नंतरची असेल तर एक ब्रेक दाबताच दोन्ही चाकांना विभागून लागणारी ‘सीबीएस’ पद्धतही त्यात आलेली. या कालखंडाच्या दोन्ही टोकांना मात्र थोडे थांबून पाहावे लागते. मार्च २०१७ च्या अखेरच्या दोन दिवसांत शिलकी बीएस-३ गाड्या मोठ्या सवलतीत विकल्या गेल्या, त्यामुळे ‘२०१७ ची गाडी’ एवढ्यावर न थांबता महिना विचारावा. आणि बीएस-४ गाडीची नोंदणी ३१ मार्च २०२० नंतरची दिसली, तर टाळेबंदीच्या काळात न्यायालयापर्यंत गेलेल्या नोंदणीच्या गोंधळातली ती गाडी नाही ना, हे आरटीओच्या अभिलेखात पाहून घ्यावे.

पंधरा वर्षांची मर्यादा हाही वयाचाच भाग. खाजगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षे टिकते, त्यानंतर गाडी तपासून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क ३०० वरून १,००० रुपये झाले आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर त्यावर वेगळा भरावा लागतो. दिल्लीसारखी पंधरा वर्षांनंतरची बंदी राज्यात नसल्याने तेरा-चौदा वर्षांची गाडी घेणे बेकायदा नाही, परंतु विक्रेता ती नेमकी आत्ताच का विकतो आहे याचे उत्तर पुष्कळदा आरसीवरच्या, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरच्या, मुदतीच्या तारखेत सापडते. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, म्हणजे सर्वतोमुखी ‘एचएसआरपी’, बसवली आहे की नाही हेही त्याच वेळी पाहावे. नसेल तर तो खर्च आणि ती धावपळ किमतीतून वजा होते.

आता कागद. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली गेल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला, म्हणजे आरटीओला कळवायचे असते. त्यासाठीचे अर्ज म्हणजे नमुना २९ आणि नमुना ३०. प्रत्यक्षात जुन्या बाजारात अशी रीत रुळली होती की विकणारा कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून देई, गाडी एजंटाकडून दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाई आणि आरसीवर नाव पहिल्याचेच राही. या रीतीचा तोटा दोन्ही बाजूंना होतो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात, जिथे एक मोटार एकामागून एक अनेक हातांतून गेली होती पण नोंद बदलली नव्हती, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये असा निर्णय दिला की अपघाताच्या भरपाईपुरता ‘मालक’ तोच, ज्याचे नाव नोंदणीत आहे. म्हणजे तीन वर्षांपूर्वी गाडी विकून मोकळा झालेला माणूस मोकळा झालेला नसतो. आणि घेणाऱ्याच्या बाजूने पाहिले, तर ज्याला त्याने कधी पाहिलेलेही नाही अशा माणसाच्या नावावरची गाडी तो रोज चालवत असतो, ती चोरीला गेली तर तक्रार कोणी करायची आणि विम्याचा दावा कोणी करायचा या दोन्ही प्रश्नांवर तो अडतो. आरटीओची बरीच कामे आधारशी जोडलेल्या ओटीपीवर चालू लागल्यापासून कोऱ्या सह्यांची ही साखळी आणखी ठिसूळ झाली आहे, कारण ज्याच्या मोबाइलवर ओटीपी जायचा तो माणूस गाव सोडून गेलेला असतो. म्हणून आरसीवरचा मालक समोर उभा नसेल तर सौदा पुढे नेऊ नये. मालक मयत असेल तर आधी वारसाच्या नावावर गाडी करून घ्यायला लावावी, त्यासाठी नमुना ३१ आहे.

आरसीवर कर्ज देणाऱ्या बँकेचे किंवा वित्तकंपनीचे नाव असेल, तर गाडीवर बोजा आहे असा त्याचा अर्थ. बाजारात त्याला ‘एचपी’ म्हणतात आणि तो उतरवण्यासाठी कंपनीचा ना हरकत दाखला व नमुना ३५ लागतो. ‘हप्ते कधीच फिटले, फक्त एचपी उतरवायची राहिली’ हे वाक्य पुष्कळदा खरे असते, पण दाखल्याला मुदत असते आणि मुदत संपल्यावर नवा दाखला मिळवणे हे मूळ कर्जदाराचे काम असते, घेणाऱ्याचे नव्हे. याखेरीज परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून नोंदणीची मुदत, विम्याची तारीख, पीयूसी, म्हणजे प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र, आणि बोजा पाहता येतो, तर वाहतूक पोलिसांच्या ई-चलन प्रणालीत थकीत दंड दिसतो. सिग्नल तोडल्याची, हेल्मेट नसल्याची सात-आठ चलने साचलेली गाडी पुण्या-मुंबईत मुळीच दुर्मीळ नाही. गोवा किंवा कर्नाटक पासिंगची गाडी, म्हणजे त्या राज्यात नोंदलेली, कितीही स्वस्त दिसली तरी तिकडचा ना हरकत दाखला, इकडचा रस्ता कर आणि दोन्हीकडच्या खेपा यांत ती स्वस्ताई विरघळून जाते.

कागदावरचे आकडे आणि लोखंडावरचे आकडे जुळतात का, हे पाहणे ही कागदाकडून सांगाड्याकडे जाणारी पायरी. चेसिस क्रमांक बहुतेक मोटारसायकलींवर हँडलच्या खाली, जिथे पुढचा काटा सांगाड्यात बसतो त्या जाड नळीवर कोरलेला असतो आणि इंजिन क्रमांक इंजिनाच्या कवचावर. मळ पुसून, त्यावर पातळ कागद धरून शिसपेन्सिल आडवी फिरवली की अक्षरांचा ठसा उमटतो. आरटीओच्या आणि विम्याच्या कामात याला ‘चेसिस प्रिंट’ म्हणत आले आहेत. मूळ ठशातली अक्षरे एका उंचीची, एका खोलीची आणि एका रेषेत असतात. एखादा ८ शेजारच्या आकड्यांपेक्षा खोल गेला असेल, ३ च्या पोटात जुन्या रेघेची सावली दिसत असेल, किंवा नळीच्या तेवढ्याच भागावर ताजा काळा रंग असेल, तर तिथून उठून चालू लागावे. चोरीची गाडी विकत घेतल्यावर गाडीही जाते आणि पैसेही.

सांगाड्याची परीक्षा डोळ्यांनी होते. गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करून दहा पावले मागे जाऊन उकिडवे बसले की मागचे चाक आणि पुढचे चाक एका रेषेत आहेत की नाही हे दिसते. हँडलच्या नळीपाशी वेल्डिंगच्या सांध्यावर रंगाला बारीक तडे गेले असतील तर समोरून जोराची धडक बसलेली असते. पुढचे चाक जमिनीपासून उचलून, काट्याची खालची टोके दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवल्यावर ‘टक’ असा धक्का जाणवला तर ‘कोनसेट’, म्हणजे हँडल फिरवणारे बेअरिंग, झिजले आहे. हा दोष किरकोळ आहे. हँडल सावकाश फिरवताना मधोमध खाचेत अडकल्यासारखे वाटले तर तेही त्याच बेअरिंगचे. मात्र चालवताना पकड सैल करताच गाडी एका अंगाला ओढली जात असेल तर दोष सांगाड्यात किंवा काट्यात असू शकतो, आणि अशा गाडीला कितीही सूट मिळाली तरी ती महामार्गावर रोज न्यायची आहे हे विसरता कामा नये.

पाणी आणि मीठ हे सांगाड्याचे दुसरे शत्रू. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीवर राहिलेल्या गाडीचा रंग वरून चकचकीत असला तरी टाकीची खालची शिवण, सायलेन्सरचे पोट, रिमची आतली कड आणि मागच्या चाकाला धरणाऱ्या दांड्यांचा जमिनीकडचा भाग खारट दमट हवेने पोखरलेला असतो, म्हणून या चार ठिकाणी बोट फिरवून पाहावे. पुरात बुडालेल्या गाड्यांचा प्रश्न याहून गंभीर आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात हजारो वाहने पाण्याखाली गेली, आणि धुऊन-पुसून उभी केलेली अशी गाडी पुढे कुठल्याही जिल्ह्यात विक्रीला येऊ शकते. पुराच्या खुणा उरतात त्या हेडलाइटच्या वाटीत, सीटखालच्या वायरींच्या जोडांत आणि ब्रेकच्या ड्रममध्ये. तिथे सुकलेल्या गाळाची पिवळट पूड सापडली तर इंजिन कितीही गोड वाजत असले तरी विजेची कटकट पुढची दोन वर्षे सुटणार नाही.

गाडी कोणत्या कामाला होती हे तिच्या वयापेक्षा अधिक सांगून जाते. दहा वर्षांची पण बँकेतल्या नोकरदाराने रोज सहा किलोमीटर चालवलेली गाडी, घरपोच अन्न पोहोचवणाऱ्या तरुणाने दोन वर्षे रोज शंभर-सव्वाशे किलोमीटर पळवलेल्या गाडीपेक्षा तरुण असते. दुधाच्या कॅन वाहिलेल्या गाडीच्या मागच्या कॅरिअरपाशी दोन्ही बाजूंना रंग घासून पत्रा उघडा पडलेला असतो आणि मागचे शॉकअप बसलेले असतात. मीटरवरचा आकडा मागे फिरवणे अवघड नाही आणि केबल काढून ठेवली तर तो पुढेही जात नाही, म्हणून मीटरऐवजी रबर वाचावे : किकचे, गिअरच्या दांडीचे आणि फूटरेस्टचे रबर गुळगुळीत झाले असेल आणि मीटर अठरा हजार दाखवत असेल, तर दोहोंतला एक साक्षीदार खोटा आहे, आणि तो रबर नाही. अर्थात रबरही नवे बसवता येते. चारही रबरे एकदम नवी दिसली तर तीही एक माहितीच. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. ३२२१ म्हणजे २०२१ च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. ‘टायर आत्ताच टाकलेत’ या वाक्याची तपासणी त्यावर होते.

इंजिनाची पाळी यानंतर. विक्रेत्याने आधीच गाडी सुरू करून गरम ठेवली असेल तर परीक्षा निम्मी बाद होते, म्हणून पोहोचताच इंजिनाच्या पंखांना हात लावून ते थंड आहे ना हे पाहावे. थंड इंजिन सुरू होताना पहिले काही सेकंद साखळी खळखळल्यासारखा आवाज आला आणि नंतर विरला, तर टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्ह उघडझाप करणारी आतली साखळी, सैल झाली आहे. आवाज विरलाच नाही तर काम लवकर काढावे लागेल. सायलेन्सरमधून सुरुवातीला येणारी पांढरी वाफ ओलाव्याची असते आणि तिचे काही नाही. काळा धूर पेट्रोल जास्त जात असल्याचा असतो आणि तो एअर फिल्टर किंवा कार्बोरेटरच्या साफसफाईने थांबू शकतो. निळसर, जळक्या तेलाच्या वासाचा धूर मात्र पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील झिजल्याचे सांगतो, आणि तो तिसऱ्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर पिळताना मागे चालणाऱ्याला अधिक स्पष्ट दिसतो. तेल मोजण्याची दांडी काढून पाहिल्यावर तेल काळे असेल तर ते केवळ जुने आहे. दुधाळ असेल तर आत पाणी गेले आहे. चेन मागच्या दातेरी चक्रावरून, अगदी मागच्या बाजूला, बोटाने ओढून पाहावी. ती दातांवरून उचलली जाऊन मधून उजेड दिसला आणि दात सरळ न राहता वाघनखांसारखे एकीकडे वळले असतील, तर चेन स्प्रॉकेटचा पूर्ण संच धरूनच भाव करावा. एवढे करूनही इंजिन कमजोर निघाले तर? गॅरेजच्या भाषेत ‘हाफ इंजिन’ म्हणजे बोअर, पिस्टन, रिंगा आणि व्हॉल्व्हचे काम, आणि ‘फुल इंजिन’ म्हणजे क्रँकसह सगळे. १०० सीसीच्या साध्या गाडीचे फुल इंजिनसुद्धा सहसा पाच आकडी रकमेच्या आत उरकते, आणि त्यानंतर ती गाडी पुढची काही वर्षे बिनतक्रार चालू शकते. निळा धूर सोडणारी पण कागदाला स्वच्छ आणि सांगाड्याला सरळ अशी गाडी, हे काम वजा करून मिळत असेल, तर ती नाकारण्याचे कारण नाही. उलट गॅरेजबाहेर तिला गिऱ्हाईक कमी असल्याने तिचा भाव जास्त पडलेला असतो.

किमतीविषयी अर्थशास्त्रात एक प्रसिद्ध विवेचन आहे. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० च्या एका निबंधात जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन दाखवले की विकणाऱ्याला दोष ठाऊक असतो आणि घेणाऱ्याला नसतो, म्हणून घेणारा सर्वच गाड्यांना सरासरी दोष गृहीत धरून भाव देतो, त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकत नाही, आणि बाजारात वाईट माल साचत जातो. २००१ च्या नोबेल स्मृती पुरस्कारात या विचाराचा वाटा होता. महाराष्ट्रातल्या जुन्या दुचाकींपुरता हा सिद्धान्त अर्धाच लागू पडतो, कारण इथल्या चांगल्या गाड्या बाजारात येतच नाहीत असे नसून त्या बाजारापर्यंत पोहोचण्याआधीच विकल्या जातात. कारखान्याच्या सूचना फलकावर, सोसायटीच्या वॉचमनमार्फत, भाच्याच्या मित्राला. ओळखीतून घेतलेल्या गाडीचा मूळ लाभ म्हणजे तिचा वापर कोणी कसा केला हे माहीत असणे. व्यापाऱ्याकडची गाडी महाग पडते, पण एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत वाहनांच्या व्यापाऱ्यांना आरटीओकडून अधिकारपत्र घेण्याचा नियम आला आहे, आणि असे अधिकारपत्र असलेल्याकडे कागदांची जबाबदारी निदान नावाने तरी कोणाची आहे हे ठरते. हप्ते थकल्याने वित्तकंपनीने ओढून आणलेल्या गाड्या लिलावात फार कमी किमतीला जातात; त्या चालवून पाहू देत नाहीत आणि किल्ली कधी एकच असते, त्यामुळे सोबत मेकॅनिक नसेल तर त्या नवख्यासाठी नाहीत.

भाव ठरवताना विमा पॉलिसीतल्या ‘आयडीव्ही’चा, म्हणजे गाडी पूर्ण नष्ट झाल्यास मिळणाऱ्या ठरीव किमतीचा आधार घेता येतो, चार ते पाच वर्षांच्या गाडीत ती मूळ किमतीच्या निम्म्यावर येते आणि पुढे परस्परसंमतीने ठरते. स्प्लेंडरचा बाजारभाव याहून सावकाश उतरतो, हौसेच्या गाड्यांचा झपाट्याने. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाल्याने नव्या गाड्या स्वस्त झाल्या, आणि दोन-तीन वर्षांच्या जुन्या गाडीला जुन्याच हिशेबाने भाव मागणाऱ्याला ही गोष्ट शांतपणे सांगता येते. दसरा-दिवाळीला आणि पाडव्याला नव्या गाड्यांच्या बदल्यात जुन्या गाड्या शोरूममध्ये जमा होतात. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे निवडीला वाव जास्त असतो.

गाडी ताब्यात घेताना तारीख आणि वेळ घातलेली ताबा पावती दोघांनीही ठेवावी, कारण त्या दुपारी चार वाजता पडलेले चलन कोणाचे हा वाद त्यावरच मिटतो. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज करावा लागतो. दावा न केल्याबद्दलची सवलत, म्हणजे ‘नो क्लेम बोनस’, आधीच्या मालकाची असते, ती गाडीबरोबर येत नाही. पहिल्या आठवड्यात इंजिन ऑइल, एअर फिल्टर, प्लग आणि ब्रेकचे लायनर पाहून घ्यावेत. पेट्रोलची रबरी नळी तर बदलूनच टाकावी, कारण पंपांवर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले ई-२० पेट्रोल मिळते आणि त्या मिश्रणाचा विचार न करता बनवलेले जुने रबर त्यात लवकर फुगते किंवा चिरते.

औद्योगिक वसाहतीतल्या खरेदीदाराची शेवटची अडचण बहुधा पत्त्याची असते. गाडी एमएच-१४ पासिंगची, म्हणजे पिंपरी-चिंचवडची, आणि घेणाऱ्याच्या आधारवर पत्ता मात्र लातूर किंवा नांदेड जिल्ह्यातल्या गावचा. गावच्या पत्त्यावर गाडी नावावर केली तर नवे आरसी कार्ड टपालाने तिकडे जाते आणि घराला कुलूप असेल तर परत फिरते. भाड्याच्या खोलीचा पत्ता द्यायचा तर नोंदणीकृत भाडेकरार लागतो, आणि तो करून देण्याची खोलीमालकाची तयारी आहे का, हे गाडी पाहायला जाण्याच्या आधीच विचारून ठेवावे लागते.